शेपटी नसलेला बोकड

गाचांजाच्या शब्दावर माणसं जेवत असत. उभी हयात त्याने मोंबासापासून युगांडाच्या हद्दीपर्यंत ट्रक चालवला. पुढे गुडघे गेले, लायसन गेलं, पण त्या रस्त्यावरचं कुठलं हॉटेल खरं आणि कुठलं नुसतं रंगवलेलं, हे ज्ञान काही गेलं नाही. लिमुरूच्या आसपासचं कुणीही लांबच्या प्रवासाला निघालं की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग गाचांजाला फोन करायचं. गाचांजा सांगायचा, "घाट उतरलास की डाव्या हाताला आंब्याखाली एक बाई मासे तळते, तिथे थांब. पुढच्या पंपाजवळ चहासुद्धा घेऊ नकोस." लोक थांबायचे, जेवायचे आणि परत आल्यावर त्याच्या अंगणात बसून त्याला दुवा द्यायचे.

त्याचा नियम एकच होता. जिथे आपण स्वतः जेवलो नाही, तिथलं नाव दुसऱ्याच्या कानात घालायचं नाही. बाकी स्वभाव मूळचाच संशयी. दूध घेताना गायीचासुद्धा चेहरा बघून घ्यावा, अशातला माणूस. म्हणूनच तर लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. असा माणूस एखाद्या हॉटेलला चांगलं म्हणतो, म्हणजे तिथे काय असेल ते बघायला हवं, असं लोकांना वाटायचं.

आता त्याच्या थोरल्या मुलीचं जमत आलं होतं. तिचं नाव वारुगुरू, म्हणजे गाचांजाच्या आईचंच, त्यामुळे तो तिला आईच म्हणे. ती नाकुरूला शाळेत शिकवत होती आणि तिथेच कोमेन नावाच्या मास्तराशी तिचं सूत जुळलं होतं. मुलगा बारिंगोकडचा, टुगेन जमातीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या. शनिवारी त्याच्याकडची मंडळी पहिल्यांदा मागणी घालायला येणार होती. मुलाला वडील नव्हते. काका होते, यातोर नावाचे, आणि सगळं त्यांच्या एका मानेवर अवलंबून होतं. ती हलली तर लग्न, नाही हलली तर चहा पिऊन नमस्कार.

यातोरकाकांनी फोनवर विचारलं होतं, "गाचांजाभाऊ, तुमचं नाव आमच्याकडेपण ऐकलंय. वाटेत जेवायला कुठे थांबावं?"

गाचांजाने छाती फुगवून सांगितलं होतं, "गिलगिल सोडलंत की उजव्या हाताला हिरव्या पत्र्याचं हॉटेल. नासिएकूचं. निखाऱ्यावरचं मटण तिथेच खायचं." आणि नासिएकूलाही कळवून ठेवलं होतं की शनिवारी आमचे होणारे व्याही येतायत, जरा बघ.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बुधवारी मुरिउकी आला. मुरिउकी म्हणजे गाचांजाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बटाट्याचा व्यापार करायचा आणि दर खेपेला नाकुरूहून बटाट्यांबरोबर एखादी वाईट बातमी घेऊन यायचा.

"दाजी, तुमच्या त्या नासिएकूकडे गेलो होतो परवा."

"जेवलास ना?"

"बसलो. जेवलो नाही."

"का रे?"

मुरिउकीने दारातून बाहेर बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "आकड्याला बोकड टांगला होता. शेपटी नव्हती."

गाचांजाच्या मनात पाल चुकचुकली. त्या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. कातडं सोललं, मुंडकं उडवलं की बोकड काय, मेंढा काय आणि आणखी काय काय, सगळी एकाच आईची लेकरं दिसतात. म्हणून खाटीक बोकडाची शेपटी तेवढी ठेवतो. आधी शेपटी बघायची, मग बाकावर बसायचं.

"उंदराने नेली असेल," तो म्हणाला.

"दोन होते, दाजी. दोघांच्याही शेपट्या उंदराने नेल्या?" मुरिउकी आणखी पुढे सरकला. "आणि तिथे पाण्याच्या गाड्या ओढणारी गाढवं असायची, आठवतात? हल्ली कमी झालीत. मी आपलं बघितलं ते सांगतो. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला."

गाचांजाची बायको वांगेची बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला. "अगं बाई. आणि पाहुणे तिथेच जेवणार आहेत."

"तेच म्हणतोय मी, अक्का."

वारुगुरू सुट्टीला घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, सरळ फोन करून विचारा ना त्यांना."

"असं विचारत नसतात, आई. चूक असेल तर चिडेल, आणि नसेल तरी चिडेल."

"मग काय करणार?"

"जाऊन बघणार," गाचांजा म्हणाला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. टुगेन माणसं शेळ्यांत जन्मलेली. एका घासात त्यांना कळलं असतं. ज्याने वाटेत आपल्याला गाढव चारलं त्याच्या घरची मुलगी कोण करील, आणि का करावी? त्याला पोरीचा चेहरा दिसत राहिला.

शुक्रवारी सकाळी तो टोपी डोळ्यांवर ओढून गाडीत बसला. ड्रायव्हर हसला तरी त्याला संशय आला. गिलगिलच्या अलीकडे उतरला आणि दुरूनच हिरवा पत्रा बघितला. आकड्याला दोन बोकड होते. मुरिउकी खोटं बोलला नव्हता. दोघांच्याही शेपटीच्या जागी नुसती स्वच्छ कापलेली खूण होती.

मग काय, संशयाला डोळे फुटले. मागच्या दाराला पूर्वी पडदा नव्हता, आता गोणपाट लावलेलं होतं. का लावलं? दारातलं कुत्रं दिसत नव्हतं. कुठे गेलं? सुरा घेऊन उभा असलेला माणूस नवा होता आणि त्याने एकदा गाचांजाकडे बघून नजर वळवली. का वळवली? पाणी नेणारी गाढवं त्याने मोजायचा प्रयत्न केला, पण पूर्वी किती होती हे आठवेना, म्हणून कमीच झाली असणार असं ठरवून टाकलं.

टोपी डोळ्यांवर ओढून चाल थोडीच लपते? नासिएकूने त्याला लांबूनच ओळखलं.

"गाचांजा दादा? अहो, किती वर्षांनी. या, तुमची जागा रिकामीच आहे."

ती आता थकली होती, पण हसणं तेच होतं. गळ्यातल्या मण्यांचा आवाजही तोच. एकदा पावसात ट्रक बंद पडला तेव्हा याच बाईने गाचांजाला चुलीजवळ झोपायला जागा दिली होती, आणि सकाळी हाडांचं सूप पाजूनच सोडलं होतं. हे त्याला आठवलं. पण आठवण एका बाजूला आणि शेपटी दुसऱ्या बाजूला.

तिने निखाऱ्यावरून एक बरगडी उचलली, मिठात टेकवली आणि जुन्या गिऱ्हाइकाला देतात तशी हातावर धरून पुढे केली. "आधी चव बघा."

गाचांजाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. वास तर अगदी बोकडाचा. पण धुरात सगळ्याचाच वास चांगला येतो.

"नको. पोट बिघडलंय. डॉक्टरने मटण बंद केलंय."

"मग सूप देते थोडं."

"सूपपण नको."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग बरगडी परत ताटात ठेवली आणि म्हणाली, "बरं. चहा घ्या. उद्या तुमचे पाहुणे यायचेत, त्यांच्यासाठी चांगला कोवळा बोकड सांगून ठेवलाय."

चांगला कोवळा काय, ते गाचांजाने मनातच विचारलं. चहा त्याने अर्धाच घेतला आणि लंगडत रस्ता ओलांडला.

समोर नवं हॉटेल झालं होतं, निळ्या फरशीचं. तिथे चार बोकड टांगलेले आणि चौघांच्याही शेपट्या जागच्या जागी, झुबकेदार. मालक पांढरा अंगरखा घालून उभा होता. गाचांजाने काही विचारायच्या आत त्याने हात केला, "बघा बाबा, शेपट्या बघून घ्या. आमच्याकडे लपवाछपवी नाही."

न विचारता जो दाखवतो त्याच्याकडे आधी बघावं, हे गाचांजाने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण दिवसभर नको तिथे चुकचुकणारी पाल नेमकी इथे गप्प बसली. त्याला फक्त शेपट्या दिसल्या आणि हायसं वाटलं. परतीची गाडी हॉर्न वाजवत होती. जेवायला वेळ नव्हता. त्याने गाडीत बसूनच यातोरकाकांना फोन लावला.

"थोडा बदल आहे. हिरव्या पत्र्याकडे नका थांबू. समोर निळ्या फरशीचं आहे, तिथे थांबा."

"का हो? त्या बाईचं काय झालं?"

"हल्ली पूर्वीसारखं राहिलं नाही तिथे."

यातोरकाकांनी विचारलं, "निळ्याकडे तुम्ही स्वतः जेवलात ना?"

"म्हणजे काय," गाचांजा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न खाल्लेल्या मटणाची ग्वाही दिली, आणि गाडीच्या धक्क्यात त्याचं त्यालाही ते फारसं जाणवलं नाही.

शनिवारी घर माणसांनी भरलं. बायका मोठ्या पातेल्यात मका, बटाटे आणि पाला घालून मुकिमो घोटत होत्या. मुरिउकी इस्त्रीचा कोट घालून सगळ्यांना हुकूम सोडत होता. एवढ्यात गाचांजाचा फोन वाजला. नासिएकू होती.

"दादा, पोट कसं आहे? रात्रभर तुमचाच विचार येत होता. तुम्ही माझ्याकडून उपाशी गेलात असं कधी झालं नव्हतं."

"बरं आहे आता," तो म्हणाला. मग सहज विचारतोय असा आव आणला. "काय गं, तुझ्या बोकडांना हल्ली शेपट्या का नसतात?"

ती मोकळेपणी हसली. "तुम्हाला ठाऊक नाही? कत्तलखान्यातला माणूस आता शेपटी वेगळी विकतो. लई मागणी आहे. शेपटीसकट बोकड हवा तर जास्त पैसे मागतो. मी म्हटलं, माझं मटण बोकडाचंच आहे, मला शेपटी कशाला लागते? शेपटी त्याला लागते ज्याचं मटण बोकडाचं नाही."

गाचांजा खाली बसला.

"समोरचा टोपलीभर नेतो," ती पुढे सांगत होती. "शेपटी उचलून बघा कधी, काळ्या दोऱ्याने शिवलेली असते. गिऱ्हाईक शेपटी बघतं आणि बसतं. कोण उचलून बघतोय? मरू दे. तुमचे पाहुणे अजून दिसले नाहीत. मी निखारे तयार करून बसलेय."

येतील, एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला आणि लगेच यातोरकाकांना लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागे गाडीचा आवाज होता.

"आम्ही नैवाशा ओलांडलं, गाचांजाभाऊ. जेवणं आटोपली. काय ते मटण, असं कधी खाल्लं नव्हतं. तुमच्यासाठीपण बांधून घेतलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं, पण इथे गाचांजाने त्यावर कडी केली होती. संन्याशिणीला फाशी दिली आणि चोराच्या पंगतीला व्याही बसवले. त्याने वांगेचीला स्वयंपाकघराच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या भावाने शेपटी नाही एवढंच सांगितलं होतं. बाकीचं तुमच्या डोक्याने केलं. आता गप्प बसा. त्यांना आवडलंय ना? मग पोरीचं होऊन जाऊ दे."

पाहुणे आले. नमस्कार झाले, प्रार्थना झाली, चहा झाला. यातोरकाका उंच, काठीसारखे सरळ, कमी बोलणारे. कोमेन त्यांच्या बाजूला मान खाली घालून बसला होता. वारुगुरू दाराआडून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद गाचांजाला बघवेना.

मग यातोरकाकांनी पिशवीतून तेलकट कागदाचं पुडकं काढलं. ते स्वतः उठले, ताट मागून घेतलं आणि मटण त्यात मांडून गाचांजाच्या पुढ्यात ठेवलं.

"ज्याने वाट दाखवली, पहिला घास त्याचा. आमच्याकडची रीत आहे. घ्या."

सगळी खोली त्याच्याकडे बघू लागली. तुकडे काळपट होते, धागे जाड. बोकडाच्या बरगडीला असा धागा नसतो, हे त्याला ताटापासून हातभर लांबूनही दिसलं. यातोरकाका त्याच्या तोंडाकडे बघत होते. दुसरीकडे कुठेच नाही, फक्त तोंडाकडे. आता ते एवढं का बघतायत, असा संशय त्याला आला, आणि त्या आठवड्यातला हा पहिला खरा संशय होता.

मुरिउकीने हात पुढे केला. "दाजी नको म्हणत असतील तर मी घेतो."

गाचांजाने त्याचा हात धरून बाजूला केला. एक घास गिळला की काम झालं असतं. नाहीतर कालचीच थाप होती, पोट बिघडलंय, डॉक्टरने बंद केलंय. ती त्याच्या ओठांवर आलीसुद्धा. पण त्याबरोबर नासिएकूचा पुढे केलेला हात डोळ्यांसमोर आला, मीठ लावलेली बरगडी घेऊन तसाच थांबलेला, आणि त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"यातोरभाऊ, हे बोकडाचं नाही," तो म्हणाला. "मेंढ्याचंही नसावं. मी तिथे जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं. शेपट्या बघितल्या आणि तुम्हाला तिथे पाठवलं. जिचं मटण खरं होतं तिच्या बोकडांना शेपट्या नव्हत्या, म्हणून तिच्याकडे जाऊ दिलं नाही. तुम्हाला उठून जायचं असेल तर मी अडवणार नाही. पोरीचा यात काही दोष नाही."

वांगेचीने डोळे मिटले.

यातोरकाकांनी ताट ओढून घेतलं आणि कागदात परत पुडकं बांधलं, अगदी सावकाश. "आम्ही मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी खाल्ली," ते म्हणाले. "ती शेपटी बघितली तेव्हाच म्हटलं, बोकडाची शेपटी वर उभी असते, ही लोंबते का? उचलली. काळा दोरा."

"मग फोनवर तुम्ही..."

"फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. मला एवढंच बघायचं होतं की आमच्या सुनेचा बाप मूर्ख आहे की लबाड. खाल्लं असतंत तर मी या पोराला उठवून घेऊन गेलो असतो. मूर्खाच्या घरची मुलगी करता येते, लबाडाच्या नाही."

कुण्या म्हाताऱ्याने मागून खूं करून हसू दाबलं. मग दुसऱ्याने नाही दाबलं. गाचांजाला मूर्ख ठरल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. दाराआडून वारुगुरू नाहीशी झाली, बहुधा रडायला.

"थांबा," यातोरकाका म्हणाले. "तुमच्याकडे पाहुण्यांना उशीर झाला की मुलीकडचे दंड करतात म्हणे. आज उलटं होईल. दंड एक बोकड. जिवंत, शेपटी हलवत चालत आलेला. आणि तो या घरी खायचा नाही. हिरव्या पत्र्याखाली खायचा, दोन्हीकडच्यांनी मिळून, त्या बाईच्या हातचा."

गाचांजाचं हसू मावळलं. "त्यापेक्षा तीन बोकड देतो. इथेच खाऊ."

"तीन नकोत. एक, आणि तिथेच. आणि तिला आत्ता कळवायचं. लावा फोन, सगळ्यांना ऐकू येईल असा."

गाचांजाने वांगेचीकडे बघितलं. ती भांडी आवरत होती. मुरिउकीकडे बघितलं, तर त्याला अचानक कोटाचं बटण सापडेनासं झालं होतं. सुटका नव्हती. त्याने नंबर दाबला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला आणि तो काही बोलायच्या आत नासिएकूचा आवाज खोलीभर पसरला.

"दादा, पाहुणे वाटेत अडकले का हो? काळजीत होते. मी अजून निखारे विझवले नाहीत."

गाचांजाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"नासिएकू," तो म्हणाला, "काल माझं पोट ठीक होतं."